वारेना दम्माममध्ये नाही

खोबर, ३ डिसेंबर १९९०

ममता,

तुझं पत्र मिळालं. दम्मामला परत येणार नाहीस हे पहिल्याच ओळीत लिहिलंस ते बरं केलंस. नाहीतर सगळ्यांची खुशाली वाचत वाचत शेवटी ते कळलं असतं, आणि खुशालीवरचाही विश्वास उडाला असता.

ऑगस्टमध्ये कुवेत पडलं आणि मी तुला विमानात बसवून गुहागरला घरी, थोरल्या नानाकडे पाठवलं, ते महिन्यासाठी. मधल्या काळात तू शाळेत लागलीस हे मला नानाच्या पत्रातून कळलं होतं. पण तिथेच राहायचं ठरवलंस हे आत्ता कळतंय. ‘दिवसभर मी घरात असते आणि तुम्ही नसता, संध्याकाळी तुम्ही असता आणि तरी नसता,’ हे तुझं वाक्य दोनदा वाचलं. आता कामाचं लिहितो.

दम्मामहून रोज येतो त्या इथल्या ट्रॅव्हल एजन्सीत सध्या दोनच प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एक, ज्यांना कायमचं पळायचंय. दुसरी, तेलकंपनीतली गोरी जोडपी. त्यांना पळायचं नाही, पण कुवेत सोडायची पंधरा जानेवारीची मुदत संपून लढाई जुंपायच्या आत चार दिवस कुठेतरी निवांत पडून राहायचंय. ‘जवळ, शांत, आणि डोकं चालवायला लागू नये,’ म्हणतात. मी त्यांना इटली विकतो. आतापर्यंत इतक्यांना विकली की मुनाफ म्हणतो, ‘विनयभाऊ, तिथल्या सरकारने तुला मानधन चालू करायला हवं.’ (मुनाफ म्हणजे आमचा श्रीवर्धनचा, व्हिशाच्या कागदांची धावपळ करतो तो. तू एकदा त्याच्या हातची बोंबलाची चटणी मागवली होतीस.)

तर मुद्दा असा. एजन्सीच्या नोकरांना वर्षातून एकदा अगदी स्वस्तात तिकीट मिळतं, स्वतःला आणि बायकोला. मी ते कधी वापरलं नाही. या वर्षीचं जानेवारीअखेर बुडेल. म्हणून मी स्वतःलाच गिऱ्हाईक समजून विचार केला.

रोम नको, तिथे पायाचे तुकडे पडतात आणि दर दोन पावलांवर काहीतरी बघितलंच पाहिजे असं वाटत राहतं. व्हेनिस जानेवारीत ओलं. लुगानो सुंदर, भाषाही इटालियनच, पण ते स्वित्झर्लंडमध्ये, म्हणजे आणखी एक व्हिसा. राहिलं वारेना. मिलानहून साध्या आगगाडीने तासाभरावर तळ्याकाठचं गाव आहे. जानेवारीत तिथली बहुतेक हॉटेलं बंद असतात, पण एक म्हातारी विधवा बाई आपल्या घरातल्या चार-पाच खोल्या वर्षभर भाड्याने देते. बघण्यासारखं काही नाही. तळं आहे, त्यातून बोट जाते. मी गेलेलो नाही, पण गेलेल्या एकानेही तक्रार केलेली नाही, आणि ही माणसं तक्रारीसाठीच जन्माला आलेली असतात.

तू दम्मामला येणार नाहीस असं लिहिलंस. वारेना दम्माममध्ये नाही.

विनय

खोबर, २२ डिसेंबर १९९०

ममता,

‘येईन’ वाचलं. अट मान्य. परत यायचं की नाही हा विषय मी काढायचा नाही, काढायचा तर तूच काढशील. मी हवापाण्याबद्दल बोलेन. त्यात माझा हात कुणी धरणार नाही.

घरात काय चाललंय ते नानाच्या पत्रावरून कळलं. आपण दोघं चार दिवस कुठे जातोय म्हटल्यावर नानाने आधी विचारलं, कशाला? मग लिहिलं, बाईमाणसाने एकटीने परदेशी जायचं हे काही बरं दिसत नाही, मी सोबत येतो. खाली वहिनीच्या अक्षरात, हे जाणार असतील तर मीही येते. त्याखाली आईचा निरोप, त्या बाजूला एखादं देवस्थान आहे का? ममता, मी पाच मिनिटं हसलो. मग हसू ओसरलं, कारण त्यात कुणाचं काही चुकलेलं नव्हतं. नऊ वर्षांत मी जेव्हा जेव्हा रजेवर आलो, तेव्हा ती रजा माझी नव्हतीच. कौलं, विहीर, शकूचं लग्न, नानाचं ऑपरेशन. आखातातला माणूस रजेवर येतो तो घराच्या मालकीचा असतो. आपण दोघं साधे हेदवीच्या देवळापर्यंतसुद्धा एकटे गेलो नाही, मागच्या सीटवर नानाची तीन मुलं आणि नारळाचं पोतं होतं.

तेव्हा मी एक युक्ती केली. नानाला कळवलं की हा प्रवास इकाम्याच्या, म्हणजे इथे राहायच्या परवान्याच्या, कामाचा आहे. ममताच्या कागदावर तिची समक्ष सही लागते आणि लढाईच्या गडबडीमुळे ती रोममध्येच घेतात. कागदाचं काम म्हटल्यावर आपल्या घरात पुढे कुणी बोलत नाही. मजेला चाललोय म्हटलं तर दहा प्रश्न, आणि इकामा म्हटलं की साक्षात ब्रह्मवाक्य. तू उगाच खरं सांगायला जाऊ नकोस. कुणी विचारलंच तर ‘सही’ म्हणायचं आणि गप्प बसायचं.

मुंबईच्या इटालियन कचेरीत लागणारे कागद सोबत आहेत. फोटोत हसू नकोस, चालत नाही.

विनय

खोबर, ८ जानेवारी १९९१

ममता,

हे पत्र उद्या मुंबईला निघालेल्या एका गिऱ्हाइकाबरोबर देतोय, तो तिथून कुरियरने पाठवेल.

तुझा व्हिसा झाल्याचा टेलेक्स आला. माझाही झाला. मालक, आमचा कफील, पासपोर्ट सहजासहजी हातात देत नाही, पण मुनाफने त्याच्याकडे बसून इतके चहा प्यायले की त्याने कंटाळून दिला. ‘यल्ला, जा आणि परत ये,’ म्हणाला. सध्या जो तो जायचंच विचारतो, परत येतो म्हणणारा बघून त्याला बरं वाटलं असावं.

आता नीट वाच. तू पंधराला रात्री मुंबईहून निघशील, मी सोळाला रात्री इथून. म्हणजे तू एक दिवस आधी पोचशील. मला दुसरी जागा मिळाली नाही. मिलानच्या मोठ्या स्टेशनवर सोंद्रियोला जाणारी गाडी बघायची, वारेना तिच्यावर आहे. डावीकडे बस, तळं डावीकडून लागतं. स्टेशनवरून घर उतारावर आहे. बाईचं नाव सिन्योरा पिया. तिला इंग्रजी चार शब्द येतात आणि तुला इटालियन एकही नाही, तेव्हा भांडण होणार नाही. मी तिला टेलेक्स करून ठेवलाय: अंडं घातलेलं काही नको, चहा दुधात उकळून, पायावर घ्यायला जास्तीचं ब्लँकेट, आणि खिडकी पाण्याच्या बाजूची. लोकरीचे मोजे दोन जोड घे.

इथे सगळं ठीक. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्यात. गॅसचे मास्क कंपनीवाल्यांना मिळाले, आम्हाला ‘बघू’ म्हणालेत. मुनाफने ओला टॉवेल तयार ठेवलाय आणि त्यालाच मास्क म्हणतो. काळजीचं कारण नाही.

नानाचं पत्र आलं. फारच खुशीत दिसला. ‘अखेर ममता मार्गी लागली’ असं काहीसं लिहिलंय, आणि लोणच्याची बरणी, ओटी वगैरे. एका सहीसाठी ओटी कशाला ते कळलं नाही, पण नानाचं असंच असतं. होऊ दे त्याचं समाधान.

मिलानला थंडी असेल. मला थंडीत कानाला त्रास होतो हे तुला माहीतच आहे. एवढं सोडलं तर मी मजेत असेन.

विनय

खोबर, १७ जानेवारी १९९१

ममता,

हे पत्र कुठे टाकायचं ते माहीत नाही. लिहितोय खरं.

काल रात्री विमान उशिरा सुटेल म्हणून सांगितलं. मग सकाळी सुटेल म्हणाले. पहाटे लढाई सुरू झाली आणि विमानतळ बंद. खलास. बॅग भरलेली होती. ती मुनाफच्या गाडीतून घरी परत आणली. गाडीत चढवताना जड लागली म्हणून त्याने उघडून बघितली आणि रस्त्यातच खाली बसला. त्यात माझे दोन शर्ट होते. बाकी टँगचे डबे, साबण, नानाचं शेव्हिंग क्रीम, आईचा बाम, मुलांची चॉकलेटं. ‘अरे, बायकोला भेटायला चालला होतास की दुकान लावायला?’ म्हणाला. मी म्हटलं, ती तिथून गावीच जाणार ना, हात हलवत कशी जाईल? बोलून झाल्यावर माझं मलाच कळलं. चार दिवस फक्त दोघं म्हणून ठरवलं, आणि सगळं घर बॅगेत भरून चाललो होतो.

दुपारी तुला फोन लागला तो नशिबाने. बाहेर शटरं बंद, एजन्सीत मी आणि मुनाफ दोघंच. तू ‘हॅलो’ म्हणालीस. मी म्हणालो, विमानतळ बंद आहे, मी येऊ शकत नाही, आणि नाश्ता भाड्यात धरलेला आहे, त्याचे वेगळे देऊ नकोस. तू विचारलंस, जेवलात का? मी हो म्हटलं. मग लाइन गेली.

जेवलो नव्हतो.

विनय

खोबर, २७ फेब्रुवारी १९९१

ममता,

तुझं पत्र चिपळूणहून आलं तेव्हा आधी पाकिटावरचा पत्ताच बघत बसलो. चिपळूणला तू काय करतेस, हा प्रश्न पडला. उत्तर पहिल्या पानावर होतं.

तेव्हा तुझ्याकडून जे कळलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजलंय की नाही ते तुला दिसेल.

इकाम्याची सही म्हटल्यावर नानाने अर्थ लावला की तू कायमची दम्मामला परत चाललीस. त्याचं काय चुकलं? सही कशाला लागते, तर राहायला. घरात आनंद झाला. वहिनीने तुझी ओटी भरली. तुला वाटलं परदेशी चालली म्हणून भरतात. आणि तू मुंबईच्या एसटीत बसलीस त्याच दिवशी नाना शाळेत जाऊन मुख्याध्यापिका सरोजबाईंना सांगून आला, की आमची सून आता येणार नाही, नवऱ्याकडे चालली, तुम्ही दुसरं माणूस बघा. सरोजबाईंनी बघितलं. तू परत आलीस तेव्हा तुझ्या वर्गात दुसरी बाई शिकवत होती.

माझ्या लबाडीने तुझी नोकरी गेली. मजा करायला जातोय असं सरळ सांगायची मला लाज वाटली, म्हणून. बायकोबरोबर चार दिवस राहायची लाज. हे असंच आहे.

तू माझ्यावर ओरडली असतीस तर सोपं गेलं असतं. तू लिहिलंस, ‘तुम्ही मुद्दाम केलं नाहीत हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या घरात माझं काहीही कुणीही परस्पर ठरवू शकतं, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं.’ आणि मग भांडण न करता बॅग उचलून चिपळूणला मैत्रिणीकडे गेलीस, आणि तिथल्या एका शाळेत स्वतः जाऊन जागा मिळवलीस. खोली घेतलीस. हे सगळं दोन आठवड्यांत. मला इथे गॅसचं सिलिंडर बदलून घ्यायला तेवढे लागतात.

वारेनाबद्दल लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. सिन्योरा पियाने रोज रात्री टेबलावर दोन ताटं मांडली. तिला वाटत होतं, नवरा आज येईल, उद्या येईल. तिच्या टीव्हीवर सारखं आमच्याच बाजूचं आभाळ दाखवत होते, काळं, मध्येच फटफट उजेड. तू नकाशावर बोट ठेवून तिला दम्माम दाखवलंस आणि ती रडायला लागली, आणि तिची समजूत तुलाच काढावी लागली. तिसऱ्या दिवशी तू तिला दुसरं ताट उचलायला सांगितलंस. ‘कारण त्या ताटाकडे बघून मला जेवण जाईना.’ परतीचं विमान रद्द झालं आणि तुला आणखी राहावं लागलं, तेव्हा तू रोज बोटीने पलीकडच्या गावी जाऊन परत येत होतीस. काही कारण नसताना. ‘इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा कारण नसताना कुठे गेले,’ असं लिहिलंस.

म्हणजे सहल झाली. जोडप्याची नाही झाली, पण झाली. मला राग यायला हवा होता किंवा वाईट वाटायला हवं होतं. वाईट वाटलंच. पण त्याखाली, खरं सांगतो, एक धंदेवाईक समाधानही होतं की जागा योग्य निवडली होती.

विषय तूच काढणार होतीस, तो काढलास. ‘मी दम्मामला येणार नाही. गुहागरलाही नाही. वारेनाला तुम्ही आला असतात तर मला बरं वाटलं असतं की नाही, हे मला अजून कळत नाही. ते बघायचं असेल तर इथे या. पण घरच्यासारखे येऊ नका. पाहुणा येतो तसे, कळवून या.’

परवा इथे जवळच स्कड क्षेपणास्त्र पडलं, बरीच माणसं गेली. आमच्या इमारतीची काचसुद्धा गेली नाही. मी मुनाफच्या खोलीत जमिनीवर बसलो होतो. त्या वेळी मला देव आठवला नाही, नाना आठवला नाही. तू आठवलीस, आणि नाश्त्याचं बोललो ते आठवलं. ममता, मला तुझ्याशिवाय करमत नाही. नऊ वर्षांपैकी कितीतरी काळ मी तुझ्याशिवायच होतो, तरी हे आत्ता कळलं. उशिरा कळलं, पण कळलं.

विनय

खोबर, २० मार्च १९९१

ममता,

विमानं सुरू झाली. दुकानात उभं राहायला जागा नाही. गोऱ्यांना पुन्हा चार दिवस शांत पडायचंय, आता लढाईचा शीण घालवायला.

मी दोन पत्रं लिहिली. एक सरोजबाईंना, की तुझ्या जाण्याबद्दल जे सांगितलं गेलं ते खोट्या माहितीवरून, आणि ती माहिती माझी होती. तुझी जुनी जागा त्याने परत मिळणार नाही, पण तू शब्द मोडून गेलीस असं त्यांना वाटायला नको. दुसरं नानाला. त्यात लिहिलं की रोममध्ये सही-बिही काही नव्हती. मला माझ्या बायकोबरोबर चार दिवस एकट्याने राहायचं होतं आणि ते, नाना, तुला सांगायचं धैर्य नव्हतं. हे वाक्य लिहायला मला सबंध शुक्रवार लागला. थोरल्या भावाला असलं लिहिणारा आमच्या घराण्यात मी पहिलाच असेन.

नानाचं उत्तर आलं. दोन ओळी. ‘आम्हाला सांगितलं असतंस तर आम्ही का अडवलं असतं?’ अडवलं असतं. पण खाली त्याने लिहिलंय की तो चिपळूणला तुझ्या शाळेशी कधी बोलायला जाणार नाही. मी असं काही विचारलं नव्हतं. म्हणजे त्याला समजलंय.

कफीलने पासपोर्ट देताना विचारलं, रजा की फायनल? मुनाफ मागून कोपराने ढोसत होता, फायनल म्हण, फायनल म्हण. मी रजा म्हटलं. तुला हे आवडणार नाही कदाचित. पण नोकरी सोडून दारात येऊन उभा राहिलो तर ते तुझ्यावर ओझं होईल. मला हाकलायचं असेल तर तुला हाकलता आलं पाहिजे. इकडचं सोडायचं की नाही, ते तिकडून परत आल्यावर ठरवीन, आणि या वेळी तुला विचारून.

तर, कळवतोय. सात एप्रिलला, रविवारी, दुपारच्या एसटीने चिपळूणला उतरेन. स्टँडजवळच्या लॉजमध्ये खोली सांगून ठेवलीय, माझ्या नावाने, एकाच माणसाची. चार दिवस आहे. गुहागरला त्यानंतर जाईन, आणि तसं घरी कळवलंय. सोमवारी तुझी शाळा सुटल्यावर, तुला चालत असेल तर, चहाला येईन. नको असेल तर तसं लिही, मी चार दिवस लॉजमध्ये पेपर वाचेन. तुला एकटीला जमलं, मलाही जमेल असं म्हणतो.

उत्तराला वेळ थोडा आहे. तार केलीस तरी चालेल.

विनय

खोबर, ३१ मार्च १९९१

ममता,

तार मिळाली. रोमन अक्षरांत मराठी, त्यात इथल्या टपालवाल्याने आणखी भर घातलेली, त्यामुळे मुनाफने आणि मी मोठ्याने वाचून बघितली. ‘चहा नको. जेवायला या.’

येतो. वाढशील ते खाईन.

विनय